स्वकर्माचं फूल वाहायचं कसं?

प्रश्न असा आहे. जळगाव जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब. थोडी केळी, बाकी कपाशी, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे. देवासमोर निवांत बसायला ना घरातल्या बाईला वेळ, ना पुरुषाला. कुणीतरी सांगितलं, ‘काम हीच पूजा, फळाची अपेक्षा ठेवू नका.’ मग मालाला भाव मागायचा नाही का? आणि काम पूजा होतं म्हणजे रोज हातांनी आणि मनाने नेमकं काय करायचं?

आधी मूळ वाक्य पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. गीतेच्या 18व्या अध्यायातला 46वा श्लोक: ‘यतः प्रवृत्तिर्भूतानां येन सर्वमिदं ततम् । स्वकर्मणा तमभ्यर्च्य सिद्धिं विन्दति मानवः ॥’ ज्याच्यापासून सगळ्या जिवांची हालचाल निघते, ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याला आपल्या कर्माने पूजून माणूस सिद्धी मिळवतो. ‘स्वकर्मणा’ ही तृतीया विभक्ती आहे, कर्म हे पूजेचं साधन. ‘तम्’ ही द्वितीया, पूजा त्याची. ‘काम हीच पूजा’ म्हणताना हा ‘तम्’ गळून पडतो आणि माणूस कामालाच देव्हाऱ्यात बसवतो. मग दिवसाचे चौदा तास राबणं, घरच्यांवर खेकसणं, आजारपण अंगावर काढणं हे सगळं भक्तीच्या नावाखाली खपतं. ज्ञानेश्वरांनी याच श्लोकावर लिहिलं: ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ कर्म हे कुसुम. देव कोण, तर सर्वात्मक, म्हणजे तुमच्या कामाचा ज्याला ज्याला स्पर्श होतो त्या सगळ्यांत असलेला.

फूल म्हटलं की फुलाचे नियम आले, आणि ते आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असतात. किडलेलं फूल वाहत नाहीत. दुसऱ्याच्या कुंपणातून न विचारता तोडलेलं वाहत नाहीत. आणि हुंगलेलं फूल तर मुळीच नाही. कर्मयोगाचं बरंचसं शास्त्र या तीन नियमांत बसतं, म्हणून तीच ओळ धरून पुढे जातो.

किडलेलं फूल म्हणजे ढिसाळ काम. ‘मी देवाला अर्पण केलं, आता जसं होईल तसं’ असं म्हणून सरी वाकडी काढणं हा अर्पणाचा अपमान आहे. दुसऱ्या अध्यायात ‘योगः कर्मसु कौशलम्’ असं म्हटलंय (2.50). या कौशल्याचा मुख्य अर्थ बंधन न लागता कर्म करण्याची हातोटी असा भाष्यकार करतात, नुसती हातसफाई नव्हे. पण त्याचा अर्थ हातसफाई नको असाही होत नाही. 18व्या अध्यायात सात्त्विक कर्त्याची लक्षणं दिली आहेत त्यात ‘धृत्युत्साहसमन्वितः’ आहे, चिकाटी आणि उत्साह दोन्ही असलेला. आणि तामस कर्त्याच्या यादीत आळशी आणि ‘दीर्घसूत्री’ आहे, म्हणजे आजचं काम उद्यावर लोटणारा.

चोरलेलं फूल म्हणजे निषिद्ध कर्म. शास्त्रात कर्माचे चार भाग करतात: नित्य, म्हणजे रोजचं बंधनकारक, नैमित्तिक, प्रसंगाने येणारं, काम्य, विशिष्ट फळ हवं म्हणून केलेलं, आणि निषिद्ध, करूच नये असं. अर्पण पहिल्या दोहोंचं होतं. काम्य कर्मातली कामना सोडून ते अर्पणाकडे वळवता येतं. निषिद्धाचं अर्पण होत नाही, कितीही हात जोडले तरी. कापसाचंच बघा. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात होते. व्यापारी काटा मारतो म्हणून आपण आदल्या रात्री कापसाच्या ढिगावर पाणी मारायचं आणि सकाळी बैलगाडीला नारळ फोडायचा, ही पूजा नाही. ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, त्याचं सूत खराब होतं आणि ते ज्याच्या हातात पडतं तोही ‘सर्वात्मक’ देवाचाच भाग आहे. उलट सकाळचं दंव उडाल्यावर वेचणी, पानकाडी वेगळी, कवडीचा (किडका, डागी) कापूस वेगळा, वेचलेला माल सावलीत वाळवणं, हे सगळं नीट केलं तर त्याच कामाचं फूल होतं. पुष्कळ जण विचारतात, ‘भावना शुद्ध असेल तर चालत नाही का?’ नाही चालत. कृती आधी शुद्ध हवी, भावना तिच्यावर बसते.

हुंगलेल्या फुलाशी जरा थांबायला हवं, कारण ‘फळाची अपेक्षा नको’ या शब्दांचा सगळ्यांत जास्त विपर्यास इथेच झालाय. 2.47 या प्रसिद्ध श्लोकाचे चार तुकडे आहेत आणि लोक दोनच लक्षात ठेवतात. कर्मावर तुझा अधिकार. फळावर कधीच नाही. कर्मफळ हा तुझा हेतू होऊ देऊ नकोस. आणि कर्म न करण्याचीही ओढ धरू नकोस. चौथा तुकडा आळशाच्या पळवाटेवर कुलूप घालतो. पहिल्यातला ‘अधिकार’ हा शब्द हक्काच्या अर्थाने न घेता अखत्यारीच्या अर्थाने घ्या, मग श्लोक लगेच उलगडतो. पेरणी तुमच्या अखत्यारीत, पाऊस नाही. वेचणी तुमच्या अखत्यारीत, बाजारातली तेजी-मंदी नाही. यात उपदेश कमी आणि वस्तुस्थिती जास्त आहे.

आता भाव. फळाच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात: हिशेब, हक्क आणि आस. हिशेब हा कर्माचाच भाग आहे. बियाणं, खत, मजुरी किती गेली आणि भाव किती मिळाला तर परवडेल, हे न पाहणारा शेतकरी निष्काम नसून निष्काळजी आहे. हक्क हा धर्माचा भाग आहे. मालाचा वाजवी भाव मागणं, काट्यावर उभं राहून वजन बघणं, पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) तपासणं, केळीच्या कापणीआधी बऱ्हाणपूर-रावेर या केळीच्या बाजारांतला भाव विचारून ठेवणं ही सगळी कर्तव्यं आहेत. आस तेवढी वेगळी. आस म्हणजे फळ येण्याआधीच मनात त्याचा उपभोग सुरू होणं: घडावर नजर पडताच मनात गाडी विकत घेऊन होते. हे हुंगलेलं फूल. सोडायचं ते एवढंच.

आस सोडली नाही तर काम प्रत्यक्षात कसं बिघडतं, त्याचं उदाहरण केळीच्या बागेतच आहे. सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसतात, पान आकसतं. त्यावर औषध नाही. मावा ही बारीक कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. उपाय एकच: लागण झालेलं झाड दिसताक्षणी मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, बागेतलं तण काढायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी हात चालत नाही. त्या वीस झाडांवर रोपांचा, ठिबकचा, दोन महिन्यांच्या खताचा पैसा गेलेला असतो, म्हणून वाटतं की आठ दिवस थांबू, सुधारेल. त्या आठ दिवसांत मावा पुढच्या ओळीत पोचतो. ज्याची नजर घडावर बांधलेली नाही, त्याला आज बागेला काय हवंय ते दिसतं आणि तो विळा-कुदळ घेऊन जातो. शिक्षकाचं, परिचारिकेचं, तलाठ्याचंही हेच: निकालाच्या, बदलीच्या, कौतुकाच्या विचाराने डोळ्यांवर झापड आली की समोरचं पोर, रोगी, अर्जदार धड दिसत नाही.

काम बिघडलं की ‘नशीब’ म्हणण्याची घाई होते, त्यावर गीतेनेच एक तपासणी दिली आहे. 18.14 मध्ये कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर आणि करण म्हणजे इंद्रियं असा करतात. शेतात आणून लावायचं तर अधिष्ठान म्हणजे जमीन, कर्ता म्हणजे तुम्ही आणि तुमची समज, करण म्हणजे औत, पंप, बियाणं, चेष्टा म्हणजे वेळेवर केलेल्या वेगवेगळ्या क्रिया. कपाशीत गुलाबी बोंडअळी आली तर क्रमाने पाहा. मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) वेळेत उपटल्या होत्या का? मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावले होते का? सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आल्यावर फवारणी करायची असते, ती केली का? चारही कारणं तपासून झाल्यावर जे उरतं त्याला दैव म्हणावं. आणि पीक उत्तम आलं तरी हीच पाच कारणं मोजावी. श्रेयातले चार वाटे इतरांकडे जातात तेव्हा ‘मी केलं’ हा ताठा आपोआप सैल होतो. मला हा श्लोक 2.47 पेक्षाही रोजच्या उपयोगाचा वाटतो, आणि प्रवचनांत त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं याची खंत वाटते.

आता रोज करायचं काय. पूजेचा जो क्रम आहे तोच कामाला लावायचा. नवीन काही शिकावं लागत नाही.

पूजेआधी कालचं निर्माल्य काढतात. कामाला लागण्याआधी कालचं यश-अपयश तसंच उतरवून ठेवा: काल सालदाराशी (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याशी) झालेली बाचाबाची, कालची शाबासकी, दोन्ही. ताज्या फुलाखाली सुकलेलं फूल ठेवलं की सगळ्यालाच वास येतो. मग संकल्प. पूजेच्या संकल्पात देश, काळ, स्वतःचं नाव-गोत्र आणि काय करणार ते उच्चारतात. कामाचा संकल्पही इतकाच नेमका हवा: ‘आज सकाळी, या बांधापासून त्या बांधापर्यंत, निंदणी, ज्यांच्या ताटात हे जाणार त्यांच्यातल्या तुझ्यासाठी.’ अर्धा मिनिट पुरतो. ‘चांगलं काम करीन’ असा मोघम संकल्प टिकत नाही, कारण तो मोडला की नाही हे संध्याकाळी कळतच नाही.

मग उपचार, म्हणजे प्रत्यक्ष काम. या वेळी देवाचं नाव घेत राहण्याची सक्ती नाही. फवारणीचं औषध मोजताना मन औषधाच्या मापावर असलं पाहिजे, नामावर असून माप चुकलं तर दोन्ही बिघडलं. निंदणी, दळण, गोठा अशी हात आपोआप चालणारी कामं नामस्मरणाला सोयीची. मोजमापाची, औजाराची, रोग्याच्या औषधाची कामं करताना ते कामच त्या वेळेपुरतं नाम समजावं.

शेवटी उदक. पूजा संपताना पळीभर पाणी ताम्हणात सोडून ‘अनेन कृतपूजनेन… प्रीयताम्, न मम’ म्हणतात. हे ‘न मम’ यज्ञातून आलंय. अग्नीत आहुती पडली की यजमान म्हणतो, हे अग्नीचं, माझं नाही. कामाच्या शेवटी हात-पाय धुताना तेच दोन शब्द म्हणा. मग क्षमापन: पूजेअंती ‘मंत्रहीनं क्रियाहीनं’ म्हणून उणिवा कबूल करतो, तशी आज काय राहिलं ते दोन मिनिटांत आठवायचं, उद्याच्या कामात घ्यायचं आणि सोडायचं. उगाळत बसायचं नाही.

आणि प्रसाद. हा टप्पा बहुतेक जण विसरतात आणि नेमका तिथेच सगळा कर्मयोग सांडतो. काम करताना ईश्वरार्पणबुद्धी ठेवणं तुलनेने सोपं असतं. पट्टी हातात पडते तेव्हा प्रसादबुद्धी ठेवणं अवघड. प्रसाद हातात आला की आपण तो कमी म्हणून परत करत नाही आणि एकटे खातही नाही. पट्टीवरचा आकडा वाचल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघण्याआधी दोन श्वास थांबा. आलं ते आलं, हे मनात उतरू द्या. मग हिशेब करा, वजन चुकलं असेल तर उलटून विचारा, गरज पडली तर भांडाही. स्वीकार आधी, प्रतिकार नंतर. क्रम उलटा झाला की भांडणही नीट होत नाही. त्यानंतर वाटा बाजूला काढा. तिसऱ्या अध्यायात (3.13) यज्ञाचं उरलेलं खाणारे सुटतात आणि केवळ स्वतःसाठी शिजवणारे पाप खातात, असं स्पष्ट म्हटलंय. पंचमहायज्ञांतले मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ तर आजही सहज जमतात: दारी आलेल्याला भाकरी, गुरांना पहिली पेंढी, पाखरांना ओंजळभर दाणे.

सासऱ्यांच्या सेवेबद्दल वेगळं लिहायला हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. अंथरूण कोरडं आणि सुरकुतीविना ठेवावं लागतं. खाऊ घालताना पाठ उंच करावी लागते, नाहीतर ठसका लागतो. ही सेवा थेट षोडशोपचारांसारखी आहे: स्नान, वस्त्र, नैवेद्य सगळं तिच्यात आहे. पण ती एकट्या सुनेच्या गळ्यात घालून ‘निष्काम सेवा कर, पुण्य लागेल’ असं म्हणणं अन्याय आहे. गीता 6.17 मध्ये आहार, विहार, झोप, कष्ट सगळं ‘युक्त’ हवं म्हणते, आणि फार आटापिटा करून, अहंकाराने केलेल्या कर्माला 18.24 मध्ये राजस म्हणते. मुलगा, नातू, लेक यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. रात्रीची पाळी एकाच माणसावर सलग ठेवू नये. झोप न मिळालेल्या माणसाच्या हातून चिडचिड होते, आणि मग ती चिडचिड केल्याचा अपराध त्याच्याच मनाला खातो.

यातून एक नियम निघतो, तो मी कधीही ढिला सोडणार नाही. निष्कामता ही फक्त स्वतःला लावायची असते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल, म्हणजे वर्षाची मजुरी, ठरवताना मालकाने ‘फळाची आशा धरू नको’ म्हणणं, संस्थेने शिक्षकाचा पगार थकवून त्याला सेवाभाव शिकवणं, हा गीतेचा वापर गीतेविरुद्ध आहे. दुसऱ्याची मजुरी हे तुमच्यासाठी फळ नाही, ते तुमचं नियत कर्म आहे, आणि ते वेळेवर करायचं असतं.

‘स्वकर्म’ म्हणजे जन्माने चिकटलेलं काम का, हाही प्रश्न येतोच. 18.41 ते 44 या श्लोकांत चार वर्णांची कर्मं सांगितली आहेत आणि त्यांच्या आधाराने माणसांना जातीत जखडलं गेलं, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच परंपरेत महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा मांस विकणारा व्याध कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकवतो. आपल्याकडे सावता माळ्यांना मळ्यात, गोरा कुंभारांना चाकावर विठ्ठल भेटला. चोखोबांना मात्र देवळाच्या दाराबाहेर उभं केलं गेलं, आणि तिथे चूक दाराची होती. आज स्वकर्म म्हणजे तुम्ही पत्करलेली किंवा परिस्थितीने तुमच्याकडे आलेली, आणि तुम्हाला झेपणारी जबाबदारी, असा अर्थ घ्यावा. काम बदलता येतं. बदलेपर्यंत हातातलं नीट करायचं.

विनोबांचा या विषयातला मोठा वाटा आपल्या खान्देशातच घडला. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932, दर रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी एकेका अध्यायावर अशी 18 प्रवचनं दिली आणि आधी अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. वाचताना एक शब्द सांभाळा. 4.17 मधल्या ‘विकर्म’चा पारंपरिक अर्थ निषिद्ध कर्म, विनोबा तिथे ‘विशेष कर्म’ घेतात, म्हणजे बाहेरच्या कामाबरोबर चाललेलं मनाचं काम. कर्मात असं विकर्म मिसळलं की त्याचं अकर्म होतं, म्हणजे ओझं उरत नाही. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की वाचणाऱ्याचा पार गोंधळ उडतो.

सुरुवात करताना सगळं आयुष्य एकदम अर्पण करायला जाऊ नका, चार दिवसांत कंटाळा येतो. एकच काम निवडा, पंधरा-वीस मिनिटांचं, रोजचं आणि शक्यतो कुणी न पाहणारं. ठिबकचा फिल्टर धुणं, नळ्यांची शेवटची टोकं उघडून गाळ निघेपर्यंत पाणी सोडणं. गोठ्यातलं शेण काढणं. सासऱ्यांचं अंथरूण बदलणं. महिनाभर त्याच एका कामाला निर्माल्य, संकल्प, उपचार, उदक, क्षमापन हा क्रम लावा. मधे खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. त्या महिन्यात कुणी त्या कामाची दखल घेतली नाही म्हणून मनात काही टोचतंय का, आणि कुणी नावं ठेवली तर दिवसभर ते घोळतं का, एवढंच पाहा. पहिल्या आठवड्यात टोचेल. वाचन हवं असेल तर आधी तिसरा अध्याय घ्या, 43 श्लोकांचा आहे, रोज दोन श्लोक घेतले तर बावीस दिवसांत होतो. मग 18व्यातले 13 ते 28 आणि 41 ते 48. दुसरा अध्याय त्यानंतर. आणि महिना झाल्यावर दुसरं काम निवडताना असं निवडा, ज्यात पैसा हातात येतो.